घरून काम आणि नागपूरचा उन्हाळा: दिवसाची घडी मी कशी बसवली, तुम्ही कशी बसवता?

खिडकीजवळ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घरून काम करतेय त्याला आता पाच वर्षं होतील. कंपनी पुण्याची, मी मनीषनगरात, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. घरात सासूबाई, नवरा आणि चौथीतली लेक. नवरा सकाळी साडेसातला बुटीबोरीला निघतो तो संध्याकाळीच येतो. दिवसभर घर सासूबाईंच्या आणि माझ्या ताब्यात.

धागा काढायचं कारण असं. मागच्या आठवड्यात मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीला घरून करायची पहिली नोकरी लागली. तिनं फोन करून म्हटलं, "ताई, तुमचं टाइमटेबल पाठवा ना." पाठवायला बसले आणि लक्षात आलं की माझं एक टाइमटेबल नाहीच, तीन आहेत. होळीपासून मृगापर्यंतचं एक, पावसाळ्याचं एक आणि दिवाळीनंतरचं एक. तीन आहेत म्हणूनच ती टिकली आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

पहिली दोन वर्षं मी एकच कागद कपाटावर चिकटवला होता. सहाला उठणे, सात ते आठ चालणे, साडेनऊ ते साडेसहा काम. थंडीत छान चालायचा. मार्च संपता संपता त्याला तडे जायचे आणि मे महिन्यात त्यातलं काही म्हणजे काही उरायचं नाही. दर वर्षी मला वाटायचं, आपल्यातच चिकाटी नाही. फार वाईट वाटायचं.

२०२३ च्या मे महिन्यात मी आठ दिवस एक गोष्ट केली. लेकीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहिली. काय करायचं होतं ते नाही, खरोखर काय झालं ते. "११:३० मीटिंग, कूलर बंद, घाम, दोनदा उठले." "१२:०० कूलर चालू, रिपोर्ट उघडला." "१२:३० तोच रिपोर्ट." आठव्या दिवशी वही सलग वाचली तेव्हा कळलं की माझा दिवस घड्याळ चालवत नाही, कूलर चालवतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं ही बातमी नसते. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असतो. पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या खसमधून आत ओढतो. हवा आत यायची तर ती बाहेर जायलाही वाट लागते, म्हणून समोरचं दार चार बोटं उघडं ठेवावं लागतं, नाहीतर खोली नुसती दमट होते. म्हणजे मोठ्या पंख्याची घरघर, वर उघड्या दारातून स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी. अशा खोलीत बसून मीटिंगमध्ये बोलायचं तर कूलर बंद करावा लागतो. आणि दुपारी साडेअकराला कूलर बंद केला की दहा मिनिटांत डोकं चालेनासं होतं. माझी रोजची मीटिंग नेमकी साडेअकराची होती.

मी ती वहीच मॅनेजरला दाखवली. पानांचे फोटो काढून पाठवले. एप्रिल ते जून मीटिंग सकाळी नऊला घ्याल का, एवढंच विचारलं. त्यांनी टीमला विचारून घेतली. पुण्यातल्या दोघांना तर ती वेळ जास्तच सोयीची निघाली.

तेव्हापासून उन्हाळ्यात माझा नियम एकच आहे: बोलायचं काम सकाळी, एकटीनं करायचं काम कूलरच्या घरघरीत. सव्वासहाला गच्चीवर चालणं, साडेसातला लॅपटॉप उघडला की नऊपर्यंत कालची राहिलेली तपासणी, नऊ ते साडेदहा सगळ्या मीटिंगा आणि फोन. साडेदहाला कूलर सुरू. मग साडेबारापर्यंत सलग डोक्याचं काम. एकदा कूलर लागला की त्या आवाजाचा पडदाच होतो, बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. जेवण. दोन ते चार मी आता जड काम ठेवतच नाही. बग नोंदवणं, स्क्रीनशॉट लावणं, मेलची उत्तरं. साडेचारला दुकान बंद. हिवाळ्यात हेच सगळं दोन तास पुढे सरकतं.

एक छोटी गोष्ट, पण तिनं सगळ्यात जास्त फरक पडला. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं आणि रोजच्या चौकोनात सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात. रात्री झोपण्यापूर्वी मी त्याच चौकोनात पेन्सिलीनं उद्याच्या मीटिंगच्या वेळा लिहिते. "९, ९:४५." सकाळी दूध लिहायला सासूबाई कॅलेंडरपाशी जातातच. मिक्सर, कुकर, भाजीवाला, सगळं त्या वेळा बघून होतं. आधी मी रोज तोंडी सांगायचे आणि दोघींना त्याचा त्रास व्हायचा. मला वाटायचं त्या विसरतात, त्यांना वाटायचं सून आपल्याला गप्प बसवते. लिहायला लागल्यापासून तो विषयच संपला.

तुमच्याकडे कसं जमतं? रातपाळीवाले आणि एका खोलीत काम करणारे असतील तर त्यांनी जरूर लिहा, माझं घर त्या मानानं मोठं आहे.

रातपाळीवाला | सोमवार, रात्री ११:५५

ताई, सध्या मी लंच ब्रेकवर आहे. हो, रात्री बाराला लंच. अमेरिकेच्या वेळेवर काम करून राहिलो चार वर्षं झाली. न्यू यॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येते. म्हणजे माझी झोप वर्षातून दोनदा एक तास सरकते आणि मार्चमध्ये सरकते तेव्हाच आपल्याकडे ऊन चढायला लागते. मी आता त्या रविवारच्या आधीच्या चार दिवसांत रोज पंधरा-पंधरा मिनिटं झोप सरकवतो. एकदम तास मारला की आठवडाभर डोकं दुखते.

माझी अडचण तुमच्या उलटी आहे. रात्री शांतता असते, कूलरही हळू चालतो. भांडण दिवसाच्या झोपेशी. अडीच-तीनला सुटतो, साडेतीनला झोपतो आणि मे महिन्यात साडेपाचला लख्ख उजाडते. मी कूलरच्या खिडकीतली उरलेली फट पुठ्ठा कापून बंद केली आणि दुसऱ्या खिडकीला जाड काळं कापड शिवून लावलं. आईनं घंटीचा स्विचच बंद करून ठेवला सकाळी अकरापर्यंत. दूधवाला, पेपरवाला, कुरिअर, सगळ्यांना शेजारच्या काकूंचं दार सांगितलं. हे सगळं झालं तेव्हा कुठं सलग सात तास झोप मिळू लागली.

रात्रपाळीवाल्या पोरांना एक सांगतो, उठल्यावर पहिला अर्धा तास उजेडात जा. दुपारी बारा वाजले तरी चालते, गच्चीच्या सावलीत उभे रहा. नाही तर दिवस सुरू झाला हे शरीराला कळतच नाही, मंग संध्याकाळी लॅपटॉपपुढं बसल्यावर जांभया. आणि रात्री दोनला भूक लागते तेव्हा फरसाण नको. मी मुरमुरे आणि ताक ठेवतो.

महालातला | मंगळवार, सकाळी ७:१५

दोन खोल्या, पाच माणसं, गल्लीत गाड्यांचे हॉर्न. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

मला वेगळी खोली कधीच मिळणार नव्हती, म्हणून मी जागा नाही, वेळ वेगळी केली. मी अकाउंट्सचं काम करतो, तीन छोट्या दुकानांचं आणि एका कंपनीचं. सकाळी साडेपाच ते साडेआठ घरातल्या पुढच्या खोलीत. तेव्हा सगळे झोपलेले किंवा आवरण्याच्या घाईत असतात. नऊ ते एक अभ्यासिकेत. आपल्या नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, महिन्याचे पैसे भरायचे, खुर्ची-टेबल-पंखा-वायफाय मिळते. मी एकटाच चाळिशीतला तिथं. बाजूला पोरं एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेली असतात, त्यांच्याकडे पाहून मोबाइल हातात घ्यायची लाज वाटते. हा फायदा मी मोजला नव्हता, पण तोच सगळ्यात मोठा निघाला.

अभ्यासिकेत बोलता येत नाही. म्हणून सगळे फोन दुपारी दोन ते साडेतीन, घरी. घरच्यांना ती वेळ पाठ झाली आहे. वडील त्या वेळात टीव्ही बंद ठेवतात, मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून सुरू केलं.

आणि वर्षातले काही दिवस मी काम लावतच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. त्या दिवशी कामाला बसायचा प्रयत्न एकदा केला होता, तो दिवसही गेला आणि मारबतही गेली. आता वर्षाच्या सुरुवातीलाच क्लायंटला त्या तारखा कळवतो.

उत्साही | मंगळवार, सकाळी १०:०५

छान धागा. पण इतकं करण्यापेक्षा सरळ पहाटे चारला उठा. चार ते आठ जगातलं सगळं काम होते. आणि खोलीला एसी लावून टाका, कूलरची झंझट नाही.

खिडकीजवळ | मंगळवार, दुपारी १२:५०

@उत्साही, चारला उठायचा प्रयोग मी पूर्ण एक महिना केला आहे. काम झालं, पण लेक रात्री साडेनऊला गोष्ट ऐकायला येते तेव्हा माझे डोळे मिटलेले असायचे. ज्यांना रात्री साडेआठला झोपता येतं त्यांनी जरूर करावं. झोप कापून मिळवलेले तास माझ्या वहीत तरी दुपारी परत गेलेले दिसतात.

मात्र लवकर उठलं की उजेडाचा फायदा मिळतो, हे खरं आहे. आपण पुण्याच्या पाच अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडे सूर्य वीस मिनिटं आधी उगवतो. पुण्यातला सहकारी साडेसहाला जेवढ्या उजेडात उठतो, तेवढा आपल्याला सहा दहालाच मिळतो. मी ती वीस मिनिटं उन्हाळ्यात चालण्यासाठी घेते, कारण पावणेसातनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही.

एसीबद्दल. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर तासाला दीड युनिटच्या आसपास घेतो. आमचा कूलर साधारण २०० वॉटचा, म्हणजे आठ तासांत तेवढंच. ज्यांना दिवसभर फोनवर बोलायचं काम आहे त्यांनी एसीचा विचार करावा, कारण त्यांचा खरा प्रश्न आवाजाचा आहे. मी नवतपाचे नऊ दिवस, २५ मेपासून, दुपारी दोन तास सासूबाईंच्या खोलीत एसीत बसते. बाकी कूलर पुरतो.

@महालातला दादा, वडिलांनी आपणहून टीव्ही बंद करणं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आणि अभ्यासिकेचं मला सुचलंच नव्हतं.

नानी_खामला | मंगळवार, दुपारी ४:३०

मी काम करणारी नाही, काम करणाऱ्याची आई आहे. मुलगा आणि सून दोघंही घरून करतात. तुमच्या सासूबाईंच्या बाजूनं थोडं लिहू का?

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि एका दिवसात माझ्या घराचं ऑफिस झालं. मला कोणी विचारलं नाही, विचारायला वेळही नव्हता, त्याचा राग नाही. पण त्यानंतर कितीतरी महिने माझ्याच घरात मी चपला हातात घेऊन चालत होते. मुलगा समोर दिसतो आहे, पण तो नाही. मी "चहा घेशील का" विचारलं की तो हात हलवायचा, जसं माशी हाकलतात तसा. त्याला ते कळतही नव्हतं. तो मीटिंगमध्ये असायचा.

आमच्याकडे मार्ग असा निघाला की दुपारी पाऊण वाजता दोघं लॅपटॉप मिटून जेवायला टेबलावर येतात. फोन आत. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी सगळं विचारून घेते: गॅस कधी येणार, डॉक्टरकडे कोण नेणार, संध्याकाळी काय करू. दिवसभर दारावर टकटक करायचं कारण उरत नाही. लोकांना वाटतं म्हातारी माणसं व्यत्यय आणतात. आम्हाला फक्त माहीत हवं असतं की आपली पाळी कधी आहे.

जेवणाचंही बदललं. आधी दुपारी डाळ-भात-भाजी-पोळी सगळं व्हायचं आणि दोन वाजता दोघंही पेंगायचे. आता दुपारी पोळी-भाजी, काकडी, ताक, आणि एप्रिलपासून कैरीचं पन्हं. भात रात्री. गोळाभात फक्त रविवारी, त्यानंतर कोणीही काम करत नाही आणि करूही नये.

शब्दकामाठी | मंगळवार, रात्री १०:२०

नानी, तुमचं पोस्ट मी आईला वाचून दाखवलं. ती फक्त "बरोबर लिहिलं" म्हणाली आणि उठून गेली. उद्यापासून आमच्याकडेही पाऊणचं जेवण.

मी अनुवाद करते, मला मॅनेजर नाही आणि ठरलेली मीटिंगही नाही. नोकरीवाल्यांना कोणी ना कोणी दिवस कापून देतं. आमच्यासारख्यांचं काम पूर्ण दिवसभर पसरतं. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५५ मध्येच लिहून ठेवलं आहे की काम दिलेल्या वेळेभर फुगत जातं. माझं पाच पानांचं काम सकाळी नऊला सुरू होऊन रात्री नऊलाच संपायचं, मग पानं तीन असोत की सात.

मला उपयोग झाला तो टोमॅटोच्या पद्धतीचा. फ्रांचेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकात स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून ते नाव. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. मी मोबाइलवर लावत नाही, कारण वेळ बघायला उचललेला मोबाइल खाली जात नाही. बर्डीवरून आणलेलं चावीचं घड्याळ आहे. अनुवादाला पंचवीस मिनिटं कमी पडतात, वाक्याची लय लागते तोच घंटी. म्हणून मी चाळीस आणि दहा असं केलं. दिवसाला सहा फेऱ्या. त्याहून जास्त केल्या की दुसऱ्या दिवशी भाषा कोरडी येते, हे मी माझ्याच जुन्या फायली वाचून सांगते.

त्या दहा मिनिटांत स्क्रीन नाही. कपडे वाळत घालणे, कुंड्यांना पाणी, मटकी निवडणे. लांब कुठेतरी पाहायचं. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहा असं सांगतात. मला समोरच्या घराचं कडुलिंबाचं झाड तेवढ्या अंतरावर मिळालं आहे.

@खिडकीजवळ, तुमचं पावसाळ्याचं टाइमटेबल लिहिलं नाहीत. आणि तुम्ही दिवस संपवता कसा? माझा संपतच नाही.

खिडकीजवळ | मंगळवार, रात्री ११:०५

पावसाळा सगळ्यात अवघड, म्हणून टाळलं होतं बहुतेक. जुलैत हवाच ओली असते, कूलर लावला तर आणखी चिकचिक. म्हणून पंप बंद, नुसता पंखा. आवाज कमी झाला की मीटिंगा पुन्हा कधीही घेता येतात. पण लाइट जाते. राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घेतला आहे, लॅपटॉप बॅटरीवर चालतो. त्या दोन महिन्यांत मी मोठी फाइल पाठवायचं काम सकाळीच उरकते, दुपारच्या भरवशावर ठेवत नाही. बाकी वेळा हिवाळ्यासारख्याच.

दिवस संपवायचं. माझे वडील इतवारीत किराणा दुकान चालवायचे. शटर पाडण्यापूर्वी ते तीन गोष्टी करायचे: गल्ला मोजायचा, उद्या काय मागवायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि वजनं तराजूच्या पारड्यातून काढून ओळीनं मांडून ठेवायची. शटर अर्धं पाडलेलं असताना कोणी गिऱ्हाईक आलं तर ते हात जोडून "उद्या" म्हणायचे. मी लहानपणी रोज पाहिलं आहे.

मी तेच करते. साडेचारला आज काय झालं त्याच्या तीन ओळी टीमला पाठवते. उद्याचं पहिलं काम एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या आत, कीबोर्डवर ठेवते आणि वरून झाकण लावते. सकाळी उघडल्यावर मेल दिसण्याआधी ती चिठ्ठी दिसते. चार्जर गुंडाळून टेबलाच्या खणात. टेबल मोकळं झालं की लेक तिथे रंग घेऊन बसते, ती जागा साडेचारनंतर तिची आहे. ती बसली की मला परत लॅपटॉप काढताच येत नाही.

पहिली_नोकरी | बुधवार, रात्री ८:१५

ताई, मीच ती टाइमटेबल मागणारी. धागा दोनदा वाचला. हुडकेश्वरला राहते, सोमवारपासून काम सुरू. घरी आई-बाबा आणि भाऊ. वही आजच घेतली. आठ दिवस फक्त लिहायचं, काही बदलायचं नाही, असंच ना? आणि मी डायनिंग टेबलवर बसू का?

खिडकीजवळ | बुधवार, रात्री ८:४०

हो, आठ दिवस काही बदलायचं नाही. चांगलं दिसावं म्हणून खोटी ओळ लिहायची नाही, एवढंच.

डायनिंग टेबल आपल्या उंचीला उंच पडतं, खांदे वर चढतात. खुर्चीवर पक्की उशी घे आणि पाय लटकायला लागले तर खाली पाट ठेव. कोपर काटकोनात आलं पाहिजे. लॅपटॉप पुस्तकांच्या चवडीवर ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण आणि कीबोर्ड वेगळा घे. पहिल्या पगारातून हेडफोनच्या आधी कीबोर्ड. मी उलटं केलं, सहा महिने मान दुखली.

पहिली_नोकरी | दोन आठवड्यांनंतरचा मंगळवार, रात्री ९:३०

ताई, आठ दिवस झाले. वही वाचली. ऑफिसच्या वेळेतलं म्हणाल तर बरं चाललं आहे. पण एक गोष्ट दिसली. माझं सगळ्यात चांगलं शिकून होतं ते सकाळी साडेसहा ते आठ. नव्या टूलचे व्हिडिओ मी तेव्हाच समजून घेऊ शकते, दुपारी तेच चारदा पाहावे लागतात. आणि आमच्याकडे नळ नेमका पावणेसातला येतो, साडेसातला जातो. पाणी भरायचं काम लहानपणापासून माझं. आठपैकी सात दिवस वहीत लिहिलं आहे: "व्हिडिओ थांबवला, नळ."

रात्री जेवताना मी वही टेबलावर ठेवली. काही म्हटलं नाही. बाबांनी पानं उलटली, भावाकडे सरकवली. त्यानं वाचलं आणि विचारलं, "टाकीचा कॉक डावीकडे बंद होतो की उजवीकडे?"

नानी_खामला | त्याच रात्री, ९:५०

त्याला सांग, आधी पिण्याचे हंडे भरायचे, मग टाकी.

पहिली_नोकरी | त्याच रात्री, १०:०५

सांगितलं नानी. त्यानं पावणेसातचा अलार्म लावला आहे. मी साडेसहाचा.